कृष्णकमळाची वेल

नाव कमळाचे आहे, पण हे फूल पाण्यात उगवत नाही. ते वेलीवर लागते. रंग निळा-जांभळा. आकार लहान बशीएवढा. मधोमध अशी नक्षी की जणू कुणी सोनाराने बसून घडवली आहे. या फुलाला आपण कृष्णकमळ म्हणतो.

पूर्वी ही वेल शहरात बंगल्यांच्या फाटकावर दिसे. आता खेड्यातही कुणाकुणाच्या दारी दिसू लागली आहे. म्हणून लोक आम्हाला दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न असा: पुण्या-नाशिकच्या सौम्य हवेत वाढणारी ही वेल आपल्या परभणी जिल्ह्याच्या उन्हात जगेल काय? दुसरा प्रश्न त्याहून मोठा: जिथे माणसाला पाण्याची ओढ आहे, तिथे फुलवेलीला पाणी घालणे शहाणपणाचे आहे काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे या पाठात देऊ. पण आधी फूल नीट पाहू.

फुलाची गोष्ट

एक फूल हातात घ्या. खाली दहा पाकळ्या दिसतील. त्यांच्यावर बारीक धाग्यांची गोल झालर असते. आपले लोक म्हणतात, हे शंभर कौरव. झालरीच्या आत पाच केसर असतात. ते पाच पांडव. त्यांच्या वर एक हिरवा गोळा असतो. त्याला कुणी द्रौपदी म्हणतात, कुणी श्रीकृष्ण म्हणतात. गोळ्यावर तीन बोंडे असतात. ते ब्रह्मा, विष्णू आणि महेश.

गोष्ट मोठी गोड आहे. पण तुम्ही आता लिहायला, वाचायला, मोजायला शिकला आहात. तेव्हा धागे मोजून पाहा. एका फुलाचे मोजा, मग दुसऱ्याचे मोजा. पाच केसर बरोबर पाच भरतील. तीन बोंडे बरोबर तीन भरतील. धागे मात्र नेमके शंभर भरतीलच असे नाही. ते कमी-जास्त निघतात. जातीप्रमाणे फार फरक पडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही वेल मुळात आपल्या देशातली नाही. हिच्या बहुतेक जाती अमेरिका खंडातल्या आहेत. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. त्यानंतर जहाजांची ये-जा वाढली. अमेरिकेतली पुष्कळ झाडे इकडे आली. आपल्या ठेच्यातली मिरची तिकडचीच. भुईमूग, बटाटा, टमाटा हेही तिकडचेच. कृष्णकमळही तसेच परदेशातून आले. म्हणजे महाभारत ज्यांनी रचले, त्यांनी हे फूल पाहिलेले नव्हते.

मग कौरव-पांडवांची गोष्ट टाकून द्यावी काय? मुळीच नाही. गोष्ट गोष्टीच्या जागी ठेवावी आणि माहिती माहितीच्या जागी ठेवावी. दोन्हींची गल्लत करू नये, म्हणजे झाले.

गंमत अशी की जगात सगळीकडे लोकांनी या फुलात आपापली गोष्ट पाहिली. अमेरिकेत गेलेल्या स्पेन देशाच्या ख्रिस्ती पाद्र्यांना धाग्यांच्या झालरीत येशूच्या डोक्यावरचा काट्यांचा मुकुट दिसला. तीन बोंडांत त्यांना तीन खिळे दिसले, पाच केसरांत पाच जखमा दिसल्या. येशूने सोसलेल्या दुःखावरून त्यांनी फुलाचे नाव ठेवले. त्यावरूनच लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली आपल्या ग्रंथात 'पॅसिफ्लोरा' हे नाव छापले. आजही शास्त्रात तेच नाव चालते. हिंदी मुलखात या फुलात राखी दिसते, म्हणून ते राखी फूल. बंगालात कानातला झुमका दिसतो, म्हणून ती झुमकोलता. जपानात घड्याळाची तबकडी दिसते, म्हणून ते घड्याळाचे फूल. फूल एकच, पण ज्याच्या घरात जे, ते त्याला फुलात दिसले!

जाती कोणत्या?

या वेलीच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. आपल्याला चार माहीत असल्या तरी पुरे.

पहिली निळी. हिचे पान हाताच्या पंजासारखे, बहुधा पाच बोटांचे. पाकळ्या पांढरट आणि धागे निळे-पांढरे. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. इंग्लंडसारख्या थंड देशातही ती भिंतीच्या आडोशाने जगते. मग आपल्या थंडीची तिला काय भीती?

दुसरी जांभळी. हिचे पान तीन बोटांचे. ही उत्तर अमेरिकेतली. वरची वेल वाळली तरी ही मुळातून पुन्हा फुटते. आपल्या मुलखाला हा गुण फार उपयोगी.

तिसरी लाल. दिसायला फार देखणी. पण हिला दमट ऊब लागते. कोकणात ही चांगली येते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हिचे हाल होतात. नवख्याने हिच्यापासून सुरुवात करू नये.

चौथी फळाची. हिला बाजारात पॅशन फ्रूट म्हणतात. केरळात, कुर्गात, नागालँड आणि मणिपूर या डोंगराळ भागांत हिची लागवड होते. फळाचा रस आंबट-गोड असतो. आपल्याकडे हौस म्हणून एखादी वेल लावावी, पण उत्पन्नाच्या आशेने लावू नये.

रोपवाटिकेत रोप घेताना पिशवीवरची चिठ्ठी स्वतः वाचा. 'पॅसिफ्लोरा' हा शब्द शोधा. पान किती बोटांचे आहे ते पाहा. विकणारा सांगतो म्हणून घेऊ नका. वाचता येऊ लागल्याचा हाच तर फायदा.

जागा कशी निवडावी?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. या वेलीला सौम्य हवा आवडते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. कोरडा वारा सुटतो. हिवाळ्यात काही वर्षी पारा पाच अंशांच्या खालीही उतरतो. म्हणजे इकडे आग आणि तिकडे गारठा. शिवाय आपली जमीन काळी आणि भारी. पावसात ती पाणी धरून बसते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात.

सगळ्या जिल्ह्याची हवा आपण बदलू शकत नाही. पण घराच्या एका कोपऱ्याची हवा सौम्य करू शकतो. कसे ते पाहा.

घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू घ्या. सकाळचे ऊन वेलीला मिळावे. दुपारनंतर भिंतीची सावली पडावी. वेलीचे पाय गार असावेत आणि डोके उजेडात असावे, ही साधी खूण ध्यानात ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला ही वेल लावू नका. तिकडचे दुपारचे ऊन अडवायला कडुनिंबच हवा. ते या नाजूक पानांचे काम नाही.

विहिरीच्या काठाला किंवा घराच्या पायाला अगदी लागून वेल लावू नये. हिची मुळे लांब धावतात आणि दूरवर कोंब काढतात. नको तिथे आलेले कोंब वेळीच उपटावे लागतात. भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडावे.

खड्डा आणि लागण

दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. तो मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. तळाशी वीतभर विटांचे तुकडे किंवा मुरूम घाला. नुसत्या काळ्या मातीने खड्डा भरू नका. एक टोपले माती, एक टोपले वाळू आणि एक टोपले चांगले कुजलेले शेणखत असे मिसळून भरा. वरचा भाग जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. ही वेल उन्हाने मरण्याआधी साचलेल्या पाण्याने मरते. मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात. लोकांना वाटते पाणी कमी झाले, म्हणून ते आणखी पाणी घालतात आणि वेल जाते.

मृगाचा पाऊस झाल्यावर लागण करावी. रोप विकत आणलेच पाहिजे असे नाही. शेजारच्या वेलीची फांदी पुरते. पेन्सिलीएवढी जाड, जून फांदी घ्या. कोवळी घेऊ नका. वीतभर तुकडा कापा. त्यावर तीन-चार डोळे असावेत. खालची पाने काढा. दोन डोळे मातीत आणि दोन डोळे वर, असा तुकडा कुंडीत किंवा पिशवीत खोचा. सावलीत ठेवा. माती ओलसर असावी, चिखल नसावा. महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. चार तुकडे लावले तर दोन जगले असे समजून चालावे. बियांपासूनही रोप होते, पण बी रुजायला कधी कधी महिने लागतात.

पाणी कुठून आणावे?

आता दुसरा, मोठा प्रश्न. साक्षरतेच्या वर्गात एका मावशींनी तो आम्हाला सरळच विचारला.

"गुरुजी, आम्ही टँकरची वाट बघत बसतो, अन् तुम्ही म्हणता फुलवेल लावा?"

आम्ही म्हणालो, "मावशी, घरात माणसं किती?"

"पाच."

"आंघोळीला पाणी किती लागतं?"

"माणशी एक बादली धरा."

"ते पाणी पुढं जातं कुठं?"

"जातंय कुठं? गल्लीत. चिखल होतो, डास होतात."

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. एक बादली म्हणजे सुमारे १५ लिटर. पाच माणसांचे रोज ७५ लिटर. दोन दिवसांचे १५० लिटर. एका वेलीला उन्हाळ्यात दिवसाआड एक बादली पुरते. म्हणजे दोन दिवसांत १५० पैकी १५ लिटर, फक्त दहावा हिस्सा. राहिलेल्या पाण्यावर एक शेवगा आणि दोन पपया निघतील. प्यायच्या पाण्याचा एक थेंबही लागत नाही!

हे पाणी आज गल्लीत वाहते आणि रोग आणते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत जिरवले आणि डासांचा त्रास घालवला. आपल्या न्हाणीचे पाणीही असेच कामाला लावता येईल. थोडे वेलीला, थोडे भाजीला, उरलेले शोषखड्ड्याला.

एक काळजी घ्या. आंघोळीच्या पाण्यातला थोडा साबण चालतो. पण कपडे धुतलेले सोड्याचे पाणी वेलीला घालू नका. काळ्या जमिनीत सोडा साचला की ती घट्ट होते आणि मग पाणी जिरत नाही. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी मात्र उत्तम.

पाणी वाचवायची आणखी एक युक्ती आहे. जुने कच्चे मडके घ्या. तळाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घाला. मडके वेलीपासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवा. पाणी मुळाशी थेंब थेंब पाझरते, उन्हाने उडून जात नाही. बुंध्याभोवती भुसकट किंवा वाळलेला पाला चार बोटे जाड पसरा. मडके आणि भुसकट असले म्हणजे आठवड्याला दोन बादल्यांतही भागते.

आणि खरोखरीच दुष्काळ पडला तर? १९७२ चा दुष्काळ आम्ही लहानपणी पाहिला. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेही आपल्याला ठाऊक आहे. अशा वेळी माणूस आधी, जनावर त्यानंतर आणि वेल सर्वांत शेवटी. वेल गुडघ्याएवढी ठेवून छाटावी. बुंध्यावर पाला पसरून ती तशीच राहू द्यावी. निळी आणि जांभळी जात बहुधा मुळात जीव धरून राहते आणि पाऊस पडला की कोंब काढते. नाही जगली, तर शेजाऱ्याकडून पुन्हा फांदी आणावी. म्हणूनच आम्ही सांगतो, आपल्याकडची फांदी चार घरी वाटून ठेवा. दिलेली वस्तूच अडचणीला परत येते.

मांडव आणि वेलीचे हात

मांडवाला पैसा लागत नाही. चार कळकाचे खांब पुरा. वर पऱ्हाट्या आणि तुराट्या सुतळीने बांधा. पत्र्याचे घर असेल तर वेल थेट पत्र्यावर सोडू नका. तापलेल्या पत्र्यावर पाने करपतात. मांडव पत्र्यापासून हातभर पुढे, अंगणावर घ्या. त्याखाली बाज टाकता येते, माठ ठेवता येतो. खांब मात्र पक्के पुरा. वळवाच्या वाऱ्यात भरलेली वेल शिडासारखी ताणली जाते.

वेल वर कशी चढते ते पाहा. पानाच्या बगलेतून हिरवी बारीक तार निघते. तिला ताणा म्हणतात. तो वेलीचा हात समजा. ताणा हवेत हळूहळू फिरत असतो. काही लागले की तो त्याला विळखा घालतो. इंग्लंडातील शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली वेलींवर मोठा लेख लिहिला. त्यांनी या कुळातल्या एका वेलीचा ताणा पाहिला. स्पर्श होताच अर्ध्या मिनिटात तो वाकू लागला!

विळखा बसला की ताणा मळसूत्रासारखा वळतो आणि वेलीला वर ओढतो. तुम्ही नीट पाहिले तर दिसेल, अर्धा ताणा एका दिशेने वळलेला असतो आणि अर्धा उलट दिशेने. वाऱ्याचा झटका आला की तो स्प्रिंगसारखा ताणला जातो, तुटत नाही.

मुंगी, भुंगा आणि अळी

या वेलीवर काळ्या मुंग्या फिरताना दिसतील. लगेच औषध मारू नका. पानाच्या देठावर बारीक गाठी असतात. त्यांतून गोड रस पाझरतो. मुंगी तो रस खाते आणि बदल्यात वेलीवरची किड्यांची अंडी साफ करते. वेलीने ठेवलेली ही राखणदार आहे, असे म्हणा. मात्र कापसासारखी पांढरी कीड दिसली तर मुंगी तिचीच राखण करते. अशा वेळी तेवढी फांदी कापून टाकावी.

मोठा काळा भुंगा फुलावर येतो. तो झालरीवर उतरून खालचा मध पितो. तेव्हा वरच्या केसरांतली पूड त्याच्या पाठीला लागते. ती तो दुसऱ्या फुलाला नेऊन लावतो. म्हणून भुंगा मारू नये.

फूल एखादा दिवसच टिकते. मग ते मिटते. पुष्कळांची तक्रार असते की फुले येतात, पण फळ धरत नाही. त्याचे कारण ऐका. यांतल्या कित्येक जातींना स्वतःची पूड चालत नाही. दुसऱ्या वेलीची लागते. गावात सगळ्यांनी एकाच वेलीच्या फांद्या लावल्या, तर त्या सगळ्या मिळून एकच वेल झाली. मग फळ कसे धरणार? वाण बाहेरचा हवा.

कधी तांबूस रंगाच्या, अंगावर काटे असलेल्या अळ्या पाने खातात. त्या एका नारिंगी फुलपाखराच्या पिल्लावळीच्या असतात. हे फुलपाखरू संथ उडते. त्याच्या पंखांवर काळे ठिपके असतात. अळ्या काडीने वेचून दूर कुंपणावर टाका. थोड्या राहू द्या. पाने पुन्हा फुटतात.

खत आणि छाटणी

फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून महाशिवरात्रीच्या सुमारास हलकी छाटणी करावी. वाळके, गुंतलेले काढावे. पावसाळ्याच्या तोंडाशी दोन टोपली शेणखत द्यावे. युरिया घालू नका. युरियाने पाने माजतात आणि फुले रुसतात. कडक उन्हाळ्यात कळ्या गळाल्या तर घाबरू नका. पाऊस सुरू झाला की वेल पुन्हा बहरते.

सावधान!

शोभेच्या कृष्णकमळाची पाने आणि कच्ची फळे विषारी असतात. ती मुलांना तोंडात घालू देऊ नका. छाटलेली वेल शेळीपुढे टाकू नका. ती उकिरड्यात पुरा.

कुणी सांगेल, "या वेलीचा काढा घ्या, झोप चांगली लागते." परदेशात एका जातीपासून तसे औषध करतात हे खरे. पण जाती पुष्कळ, आणि आपल्या दारची कोणती हे वैद्याशिवाय सांगता येत नाही. गरोदर बाईने तर असा काढा मुळीच घेऊ नये. झोप येत नसेल तर सरकारी दवाखान्यात जावे. फूल पाहण्यासाठी आहे. ते पाहावे.

शेवटी दोन शब्द

आपल्या मुलखात पुष्कळांना वाटते, फूलबाग ही पैसेवाल्यांची गोष्ट. आम्हाला तसे वाटत नाही. एक फांदी शेजाऱ्याची, चार कळक, थोड्या पऱ्हाट्या आणि रोजचे फेकून द्यायचे पाणी. यात पैसा कुठे आला? कष्टाने दमलेला माणूस संध्याकाळी अंगणात बसतो. तेव्हा समोर एखादे फूल असावे, मांडवाची सावली असावी आणि गल्लीत चिखल नसावा. एवढे मागणे काही फार नाही.

करून पाहा

१. कृष्णकमळाच्या तीन फुलांचे धागे मोजा. आकडे वहीत लिहा.
२. तुमच्या घरात रोज आंघोळीचे किती पाणी वाया जाते? हिशेब करा.
३. एक ताणा पाहा. त्याचा पीळ कुठे उलटतो ते घरच्यांना दाखवा.
४. वेलीची पाने शेळीला का घालू नयेत? दोन ओळी लिहा.
५. या फुलाला तुम्ही स्वतः नाव द्यायचे झाले तर काय द्याल? का द्याल?